कॅनन जॉन ग्लेनी ग्रेग: सैनिक, क्रिकेटपटु आणि धर्मगुरु

लष्करांत कीर्ति मिळविणारे इंग्रज अधिकारी पुष्कळ झाले. क्रिकेटच्या मैदानावर नांव गाजविणारेही कमी नव्हते. आणि धर्मगुरूचें व्रत स्वीकारून आयुष्य वेंचणारे तर असंख्य आहेत. परंतु ह्या तिन्ही वाटा एकाच पुरुषानें, एकामागून एक, आपल्या पायांनीं तुडविल्या असें उदाहरण विरळाच आढळतें. कॅनन जॉन ग्लेनी ग्रेग हे अशा विरळ पुरुषांपैकीं एक होत. त्यांच्या आयुष्याचा मोठा भाग पुणें व मुंबई येथें गेला. म्हणून महाराष्ट्रांतील कॅथॉलिक वाचकांस त्यांचें चरित्र परकें वाटण्याचें कारण नाहीं. मात्र तें सांगतांना दुसऱ्या एका पुरुषाची हकीकत सांगणें भाग आहे. तो पुरुष ख्रिस्ती नव्हता, इंग्रज नव्हता, आणि त्या काळच्या समाजाच्या दृष्टीनें कोणीच नव्हता; तथापि त्याला वगळून ग्रेग यांची कथा सांगणें म्हणजे पाया वगळून इमारतीचें वर्णन करणें होय. त्या पुरुषाचें नांव पालवणकर बाळू.

ग्रेग यांचा जन्म २४ ऑक्टोबर १८७१ रोजीं मध्य हिंदुस्थानांतील महू येथें झाला. इंदूरजवळील ही लष्करी छावणी आज एका दुसऱ्याच कारणासाठीं सर्वांस ठाऊक आहे. सुमारें वीस वर्षांनीं, १८९१ मध्यें, त्याच छावणींत डॉ. भीमराव आंबेडकर यांचा जन्म झाला. एक इंग्रज घरांतला मुलगा आणि एक अस्पृश्य सुभेदाराचा मुलगा एकाच छावणींत जन्मास येतात, आणि पुढें त्या दोघांच्याही चरित्रांत बाळू पालवणकर हें नांव येतें, हा योगायोग ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

ग्रेग यांचें शिक्षण इंग्लंडमध्यें डाउनसाइड येथें झालें. ही शाळा सॉमरसेट परगण्यांत असून ती त्या काळीं बेनेडिक्टाईन संघाच्या मठाशीं जोडलेली होती. प्रार्थना, अध्ययन आणि श्रम ह्या तिहींची सांगड घालणारी जी जुनी बेनेडिक्टाईन परंपरा, तिच्या छायेंत त्यांचें बालपण गेलें. क्रिकेट, रॅकेट्स व टेनिस ह्या तिन्ही खेळांत ते निपुण होते. पुढें सैन्यांत अधिकारी होऊन ते हिंदुस्थानांत परतले आणि त्यांची नेमणूक मुंबई इलाख्यांत झाली. जॉन ग्लेनी ह्या दोन नांवांचा उच्चार घाईनें केला म्हणजे ‘जंगली’ असा ध्वनि कानीं पडतो. त्यांच्या मित्रमंडळीनें हीच गंमत उचलली व ‘जंगली ग्रेग’ हें नांव त्यांस जन्मभर चिकटलें. वास्तविक त्यांच्या खेळांत रानटीपणा कांहींच नव्हता. अंगानें ते लहानखुरे, पायांनीं चपळ व मनगटांनीं लवचिक. शक्तीपेक्षां युक्तीनें व अचूक वेळ साधून चेंडू मारण्यांत त्यांचा हातखंडा होता.

त्या दिवसांतील मुंबई इलाख्याचें क्रिकेट कसें होतें, हें येथें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८९० पासून १८९५ पर्यंत लॉर्ड हॅरिस हे मुंबईचे गव्हर्नर होते. ते स्वतः इंग्लंडच्या संघाचे कर्णधार राहिलेले नामांकित खेळाडू. त्यांच्या कारकीर्दींत, १८९२ मध्यें, युरोपियन व पारशी यांच्यामधील वार्षिक इलाखा सामने सुरू झाले. १९०७ पासून त्यांत हिंदूंचा संघ आला व तिरंगी सामने होऊं लागले; १९१२ मध्यें मुसलमानांचा संघ येऊन ते चौरंगी झाले. हिंदी ख्रिस्ती खेळाडूंस मात्र १९३७ पर्यंत थांबावें लागलें. त्या सालीं ‘इतर’ ह्या नांवाचा पांचवा संघ निघाला. ख्रिस्ती, यहुदी वगैरे ज्यांना कोठेंच जागा नव्हती त्या सर्वांची त्यांत सोय झाली. सांगलीचे विजय हजारे, हे प्रॉटेस्टंट ख्रिस्ती, ह्याच संघांतून खेळत. १९४३ मध्यें हिंदूंविरुद्ध संघाच्या एकूण ३८७ धांवांपैकीं एकट्यानें ३०९ धांवा काढून त्यांनीं त्या ‘इतर’ शब्दाची लाज राखली. हे जातवार सामने १९४६ मध्यें बंद पडले. सांगावयाचें तें इतकेंच कीं, ग्रेग ज्या मैदानावर उतरले तें मैदान माणसांस धर्माप्रमाणें व रंगाप्रमाणें वाटून देणारें मैदान होतें. त्या मैदानावर युरोपियन संघाचे ते अनेक वर्षें आधारस्तंभ होते, आणि त्या काळांत हिंदुस्थानांत खेळणाऱ्या गोऱ्या फलंदाजांत त्यांची गणना अग्रभागीं होत असे.

आतां दुसऱ्या पुरुषाकडे वळूं. बाळू यांचा जन्म १८७० नंतरच्या दशकाच्या मध्यास धारवाड येथें झाला. कुटुंब मूळचें कोंकणांतील पालवण गांवचें व जातीनें चांभार. वडील सैन्याच्या चाकरींत असल्यामुळें मुलांचें बालपण पुण्याच्या छावणींत गेलें. साहेब लोकांनीं टाकून दिलेल्या बॅटी व चेंडू घेऊन बाळू व त्यांचे बंधु खेळावयास शिकले. पोटासाठीं बाळूंनीं प्रथम पारशांच्या एका क्लबांत चाकरी धरली. मैदान झाडावें, खेळपट्टीवर रूळ फिरवावा, आणि प्रसंगीं सभासदांस चेंडू टाकावे, हें काम. वेतन दरमहा ३ रुपये. सुमारें १८९२ मध्यें ते पुण्याच्या युरोपियन क्लबांत गेले. तेथें वेतन ४ रुपये झालें. जाळीं बांधणें, खेळपट्टी आंखणें, टेनिसच्या पटांगणावर चुन्याच्या रेघा मारणें ही त्यांची नित्याची कामें होतीं. पुढें एका साहेबाच्या सांगण्यावरून त्यांनीं गोलंदाजी सुरू केली, आणि थोड्याच दिवसांत सर्वांच्या ध्यानांत आलें कीं हा झाडूवाला सामान्य नव्हे. डाव्या हातानें, संथ गतीनें, हवेंत उंची देऊन टाकलेला त्यांचा चेंडू जमिनीवर पडतांच कोणीकडे वळेल याचा नेम नसे.

हें ग्रेग यांनीं सर्वांच्या आधीं ओळखलें. असें सांगतात कीं, ते इतर सभासदांच्या आधीं सुमारें तासभर क्लबांत येत आणि बाळूंस एकट्यास चेंडू टाकावयास लावीत. त्यांनीं एक सौदाही केला होता: बाळूंनीं आपल्याला बाद करावें व प्रत्येक वेळीं आठ आणे घ्यावे. ज्याचें महिन्याचें वेतन ४ रुपये, त्याला आठ वेळां ग्रेगसाहेबांस बाद केलें कीं दुसरें एक महिन्याचें वेतन हातीं पडत असे. बाळूंच्या दृष्टीनें ही मोठी मिळकत होती. ग्रेग यांच्या दृष्टीनें हा फारच स्वस्त व्यवहार होता. कारण त्यांनीं त्या आठ आण्यांत जें विकत घेतलें, तें इंग्लंडांतील उत्तम शिक्षकाकडूनही मिळालें नसतें. पहाटेच्या त्या एका तासांत जगांतील उत्तम गोलंदाजांपैकीं एक पुरुष त्यांच्यासमोर उभा असे, आणि त्याची कला त्यांच्याकरितांच राबत असे. ग्रेग यांच्या पायांतील चपळाई व नजरेंतील अचूकपणा ह्याच जाळ्यांत तावून सुलाखून निघाला.

परंतु ह्या सौद्याला दुसरी बाजूही होती. बाळूंनीं पुढें आपल्या मुलास सांगितल्याचें प्रसिद्ध आहे कीं, साहेब लोकांस शेंकडों तास चेंडू टाकले, परंतु त्या क्लबांत एकदांही आपल्या हातीं बॅट देण्यांत आली नाहीं. फलंदाजी हा मालकाचा मान, गोलंदाजी हें चाकराचें काम, अशी त्या काळची समजूत होती, आणि ती केवळ हिंदुस्थानांतच होती असें नाहीं. ग्रेग यांनीं ह्या समजुतीचा लाभ घेतला. ती मोडली नाहीं. हें त्यांच्या चरित्रांत स्पष्टपणें नोंदलें पाहिजे.

तथापि एका प्रसंगीं त्यांचा शब्द बाळूंच्या उपयोगी पडला. पुण्याच्या हिंदूंनीं आपला क्रिकेट क्लब स्थापिला होता व युरोपियनांस हरविण्याची त्यांस मोठी उत्कंठा होती. बाळूंस संघांत घ्यावें कीं न घ्यावें, ह्यावर त्यांच्यांत दोन तट पडले. एका चांभाराबरोबर कसें खेळावें, हा प्रश्न होता. अशा वेळीं ग्रेग यांनीं उघडपणें सांगितलें कीं, बाळूंसारखा गोलंदाज हातचा घालविणें हा हिंदूंचा शुद्ध मूर्खपणा ठरेल. हा सल्ला न्यायबुद्धीनें दिला होता, कीं रोजच्या जाळ्यांतील प्रतिस्पर्ध्याशीं खऱ्या सामन्यांत दोन हात करावे ह्या खेळाडूच्या हौसेनें? मला वाटतें, हौसेचा भाग मोठा असावा. परंतु चांगल्या गोष्टी पुष्कळदां अशाच मिश्र हेतूंतून जन्मास येतात, व म्हणून त्यांचें चांगलेपण नष्ट होत नाहीं.

बाळू हिंदूंच्या संघांत आले. मैदानावर ब्राह्मण खेळाडू त्यांनीं हाताळलेला चेंडू हाताळूं लागले. परंतु चहाच्या वेळीं बाळूंस मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या पात्रांत चहा मिळे, आणि जेवणासाठीं त्यांचें पान निराळें मांडलें जाई. ज्याच्या हातच्या चेंडूनें विजय मिळतो त्याच्या हातचा पेला मात्र विटाळतो, हा विचित्र न्याय त्या काळच्या शहाण्या माणसांस खुपला नाहीं असें नाहीं. न्यायमूर्ति रानडे यांनीं ह्याबद्दल उघड नापसंती व्यक्त केल्याचें सांगतात. आपण ख्रिस्ती लोकांनीं हें वाचून दुसऱ्यांकडे बोट दाखविण्याची घाई करूं नये. जातीच्या भिंती ह्या देशांतील चर्चच्या दारापाशीं येऊन आपोआप कोसळल्या असें इतिहास सांगत नाहीं.

पुण्यास प्लेगची सांथ आल्यावर बाळू मुंबईस गेले, रेल्वेंत नोकरी करूं लागले, आणि हिंदु जिमखान्याच्या संघांतून खेळूं लागले. फेब्रुवारी १९०६ मध्यें मुंबईस हिंदु व युरोपियन यांचा जो सामना झाला, तो ह्या देशाच्या क्रिकेटमध्यें चिरस्मरणीय ठरला. हिंदूंनीं २४२ व १६० धांवा केल्या. युरोपियनांचे डाव १९१ व १०२ धांवांत आटोपले. १०९ धांवांनीं हिंदु विजयी झाले, आणि ह्या विजयांत बाळूंच्या गोलंदाजीचा वाटा फार मोठा होता. त्यांचे बंधु शिवराम हेही त्या संघांत होते. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ पत्रानें ह्या विजयावरून सामाजिक धडा घेण्यास लोकांस सांगितलें. जाळ्यांत आठ आण्यांवर राबणारा हात आतां युरोपियन संघाचेच बुरूज पाडूं लागला होता. १९११ मध्यें पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखालीं पहिला अखिल हिंदी संघ इंग्लंडास गेला, तेव्हां बाळूंनीं त्या दौऱ्यांत ११४ बळी घेतले. त्यांस हिंदूंच्या संघाचें कर्णधारपद मात्र कधीं रीतसर देण्यांत आलें नाहीं. तो मान १९२३ मध्यें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस मिळाला.

इकडे ग्रेग यांची कीर्ति इंग्लंडपर्यंत पोंचली होती. ते रजेवर मायदेशीं जात तेव्हां हॅम्पशायर परगण्याच्या संघांतून खेळत. ह्या परगण्याची लष्कराशीं जुनी सलगी होती. १८९९ मध्यें टॉंटन येथें मेजर पूअर व कॅप्टन विनयार्ड ह्या दोन अधिकाऱ्यांनीं सहाव्या गड्यासाठीं ४११ धांवांची भर घातली होती. पण तेंच बळ तिची दुर्बलताही ठरे. बोअर युद्ध पेटतांच असे खेळाडू आफ्रिकेंत गेले आणि १९०० सालीं हॅम्पशायरला परगण्यांच्या स्पर्धेंत एकही सामना जिंकतां आला नाहीं. पुढच्याच वर्षीं, १९०१ मध्यें, ग्रेग संघांत आले. लिव्हरपूल येथें लॅंकेशायरसारख्या बलाढ्य संघाविरुद्ध त्यांनीं २४९ धांवा केल्या व शेवटपर्यंत बाद झाले नाहींत. इंग्लंडांतील प्रेक्षकांनीं त्या दिवशीं एका लहानखुऱ्या कॅप्टनाचें कौशल्य पाहिलें. त्या कौशल्यामागें पुण्याच्या एका चाकराची कित्येक वर्षांची मेहनत उभी होती, हें त्या प्रेक्षकांपैकीं कोणास ठाऊक असणार!

लष्करांतही त्यांची बढती होत गेली. मुंबईच्या गव्हर्नरांचे लष्करी सचिव ह्या जबाबदारीच्या पदावर त्यांनीं काम केलें आणि सी. आय. ई. हा किताब त्यांस मिळाला. निवृत्तीनंतर ते इंग्लंडास गेले व १९२० नंतरच्या दशकांत हॅम्पशायर क्लबाचे चिटणीस झाले. परगण्यासाठीं ते शेवटचे खेळले तें साल १९२२, म्हणजे वयाच्या पन्नाशीनंतर. त्याच सालीं ह्या क्लबानें एक अद्भुत सामना जिंकला. बर्मिंगहॅम येथें वॉरिकशायरनें २२३ धांवा केल्या व हॅम्पशायरचा संघ अवघ्या १५ धांवांत गारद झाला. लागलीच पुन्हां फलंदाजीस यावें लागलें असतां त्यांनीं ५२१ धांवा उभारल्या आणि शेवटीं १५५ धांवांनीं सामना जिंकला. पहिला डाव धुळीस मिळाला म्हणून दुसरा खेळूं नये, असें नाहीं. हा धडा त्या क्लबाच्या चिटणिसानें पुढें स्वतःच्या आयुष्यांतही गिरविला असें म्हणतां येईल.

कारण ग्रेग यांचा खरा दुसरा डाव ह्यानंतर सुरू झाला. साठी ओलांडल्यावर, ज्या वयांत माणसें आरामखुर्चींत बसून जुने पराक्रम आठवतात त्या वयांत, लेफ्टनंट कर्नल ग्रेग यांनीं धर्मगुरु होण्याचें ठरविलें. ज्यानें पलटणीस हुकूम सोडले त्यानें आतां आज्ञापालनाचें व्रत घेतलें. १९३५ मध्यें त्यांस गुरुदीक्षा मिळाली आणि पुढें कॅनन ही सन्मानाची पदवीही त्यांस लाभली. गुरुविद्यालयांत ज्यांनीं दिवस काढले आहेत त्यांस ह्या निश्चयाची किंमत निराळी सांगावयास नको. तरुण वयांत लॅटिन, तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या शिकतांना आमची त्रेधा उडाली. उतारवयांत मुलांच्या वयाच्या माणसांपासून दीक्षेची तयारी शिकणें हें केवळ बुद्धीचें काम नव्हे, त्याला नम्रता लागते. २४ मे १९५८ रोजीं, वयाच्या ८६ व्या वर्षीं, सरे परगण्यांतील मिलफर्ड येथें त्यांचें देहावसान झालें.

शुभवर्तमानांतील द्राक्षमळ्याच्या दाखल्याची आठवण येथें झाल्यावांचून राहत नाहीं. अकराव्या तासाला आलेल्या मजुरासही धन्यानें पूर्ण दिवसाचें वेतन दिलें. ग्रेग हे अकराव्या तासाचे मजूर. ज्यानें एके काळीं दुसऱ्याच्या श्रमाची किंमत आठ आणे ठरविली होती, तो स्वतः अशा धन्याच्या मळ्यांत गेला कीं जेथें वेतन तासांवर मोजलें जात नाहीं. त्यांच्या वेदीवरील आयुष्याचा हिशेब त्यांच्या धन्याजवळ आहे. तो मागण्याचा अधिकार आमचा नव्हे.

परंतु दाखल्यांत पहाटेपासून उन्हांत राबलेले मजूरही आहेत, आणि इतिहासकारानें त्यांस विसरतां कामा नये. बाळू पालवणकर पहाटेपासून राबले. त्यांच्या कीर्तीनें असंख्य दलित तरुणांस धीर दिला, डॉ. आंबेडकर यांनीं आपल्या आरंभीच्या काळांत त्यांचा जाहीर गौरव केला. पुढें राजकारणांत दोघांचे मार्ग भिन्न झाले. १९३२ च्या पुणें करारावर बाळूंची सही आहे, आणि १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसच्या बाजूनें ते आंबेडकरांविरुद्ध उभे राहून पराभूत झाले. ४ जुलै १९५५ रोजीं मुंबईस त्यांचा अंत झाला. ग्रेग त्यांच्यानंतर तीन वर्षें जगले.

ह्या दोन आयुष्यांकडे एकत्र पाहिलें म्हणजे एक गोष्ट मनांत ठसते. धांवफलकावर फलंदाजाचें नांव लागतें; ज्यानें त्याला घडविलें त्याचें लागत नाहीं. लिव्हरपूलच्या त्या २४९ धांवांपुढें एकच नांव छापलें आहे, आणि छापखान्याच्या दृष्टीनें तें बरोबरही आहे. परंतु सत्याच्या दृष्टीनें तो हिशेब अपुरा आहे. ग्रेग यांचा मोठेपणा कमी करावा म्हणून हें लिहीत नाहीं. गुण पारखण्याची दृष्टि त्यांस होती, आणि जेव्हां बाळूंच्या स्वजनांनीं दार लावून घेतलें तेव्हां एक शब्द बोलण्याचें धैर्यही त्यांनीं दाखविलें. फक्त तो शब्द जाळ्याच्या पलीकडे, त्यांच्याच क्लबाच्या आंत, कधीं बोलला गेला नाहीं. एक दिवस बॅट खालीं ठेवून, “आतां तूं खेळ, मी चेंडू टाकतों,” इतकें म्हटलें असतें तर काय बिघडलें असतें? साम्राज्याचा पाया त्यानें खचला नसता. एका माणसाचा मान मात्र राहिला असता.

माणसाच्या गुणाचें चीज करणें ही एक गोष्ट, आणि माणसाचाच आदर करणें ही दुसरी. पहिलीला नजर पुरते; दुसरीला अंतःकरण लागतें. कॅनन ग्रेग यांच्या चरित्रांत पहिलीचें उज्ज्वल उदाहरण आहे आणि दुसरीची उणीवही आहे. दोन्ही एकत्र वाचलीं तरच तें चरित्र आपल्या उपयोगी पडेल. पुण्याच्या त्या मैदानावर पहाटे रूळ ओढणाऱ्या चाकरास आणि मिलफर्ड येथें निजलेल्या त्या वृद्ध धर्मगुरूस, दोघांसही दयाघन परमेश्वर आपल्या मळ्यांतील पूर्ण वेतन देवो.